छापणाऱ्याची एक

"बारा जणांचे सांगतले होते ना तुमी?" पोह्यांचं पातेलं आणि तर्रीची किटली टेबलावर ठेवून पोहेवाल्यानं रिकाम्या हॉलवरून नजर फिरवली.

"हो हो. येऊनच राहिले सगळे," धम्मानंद गजभिये म्हणाले.

"मंग झाकून ठेवा. गार तर्रीत काही मजा नाही."

तो गेला. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि बोलावणं दहाचं होतं. गजभियेसरांनी पातेल्यावर झाकण नीट बसवलं, वरून वर्तमानपत्र घातलं, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून टेबलावरचे बारा गठ्ठे पुन्हा एकदा सरळ केले. सकाळपासून ते चौथ्यांदा सरळ होत होते.

जरीपटक्यातल्या या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं चित्रकला शिकवली होती. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांना मागं राहिलेला धडा पुरा करायला मिळणारा तास, हे सत्य त्यांनी पहिल्या दोन वर्षांतच स्वीकारलं आणि पुढची बत्तीस वर्षं तक्रार न करता स्टाफरूममध्ये चहा पीत काढली. रिटायर होऊन आता तीन वर्षं झाली होती. बायको, यशोधरा, त्याच्या आधीच गेली. मुलगी पायल पुण्याला. ती दर रविवारी संध्याकाळी फोन करून "जेवले का बाबा" असं विचारायची. उरलेले सहा दिवस हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नसे.

आजचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. बारा चित्रकारांनी प्रत्येकी एक मुद्राचित्र करायचं, कुणी लाकडी ठोकळा कोरून, कुणी लिनोच्या मऊ तक्त्यावर, कुणी जस्ताच्या पत्र्यावर. प्रत्येकानं त्याच्या तीस प्रती छापायच्या, खाली पेन्सिलीनं नंबर टाकायचा, सही करायची आणि पाठवून द्यायच्या. बाराही जणांची एकेक प्रत घालून एक पेटी, अशा तीस पेट्या. बारा पेट्या बारा जणांना, उरलेल्या अठरा विकायला. येईल तो पैसा कॅन्सरच्या दवाखान्याजवळच्या धर्मशाळेला जाणार होता. खेड्यातून आलेल्या रोग्यांच्या सोबत्यांसाठी तिथं एक जास्तीची खोली बांधायची होती, आठ खाटांची. खोलीला नाव नत्थूभाऊंचं.

नत्थूभाऊ हे चित्रकलेच्या कॉलेजात शिपाई होते. कागदोपत्री. प्रत्यक्षात छापखान्याच्या मशीनचं चाक तीस वर्षं त्यांच्या हातात होतं. शाई किती दाट हवी, कागद किती ओला हवा, दाब किती द्यायचा, हे शिकवायला प्राध्यापक होते. पण पोरं विचारायची नत्थूभाऊंना. या बारा जणांतला प्रत्येकजण, कुठल्या का सालातला असेना, त्यांच्या हाताखालून गेला होता. छापून झाल्यावर ते हसत म्हणायचे, "छापणाऱ्याची एक." चाक फिरवणाऱ्याला प्रत्येक चित्राची एक प्रत मिळायची, असा तिथला रिवाज होता.

दोन वर्षांपूर्वी नत्थूभाऊ त्याच दवाखान्यात चाळीस दिवस होते. पुरुषांच्या वॉर्डात रात्री बाईमाणसाला थांबता येत नसे, म्हणून त्यांची बायको अंजनाबाई बाहेर फुटपाथवर प्लास्टिकचा कागद अंथरून झोपायची. चाळीस रात्री. गजभियेसरांना हे सगळं माणूस गेल्यानंतर महिन्यानं कळलं. पण त्यांना आधीच कळू शकलं असतं. त्या चाळीस दिवसांत त्यांच्या मोबाइलवर तीनदा 'नत्थूभाऊ कॉलेज' असं नाव उमटलं होतं आणि तिन्ही वेळा ते वाजून वाजून बंद होईपर्यंत सर त्याच्याकडं बघत बसले होते. इतक्या वर्षांनी फोन करतो आहे म्हणजे पैसेच मागणार, असं त्यांना वाटलं होतं. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. स्वतःला मात्र ते रोज सांगत.

आज अंजनाबाईंना ती सांगायची, असं त्यांनी ठरवलं होतं. जुनी मंडळी भोवती असली की धीर येईल, असा त्यांचा अंदाज. त्यासाठी बाराही जण यायला हवे होते.

मोबाइल वाजत होता, पण नुसता टुणटुण. ग्रुपवर एकामागून एक निरोप पडत होते. एकाच्या नातवाचं बारसं होतं. एकाला भोपाळहून गाडीच मिळाली नव्हती. एकानं 'सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा' असं लिहून खाली दोन जोडलेले हात ठेवले होते. तो राहायला याच शहरात, महाल भागात होता, स्कूटरनं पंचवीस मिनिटांवर. साडेदहापर्यंत आठ जण गळाले होते.

"सर, हेच शाळा व्हय ना?"

दारात अंजनाबाई उभ्या होत्या. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. गजभियेसर लगबगीनं पुढं गेले.

"या वहिनी, या. केव्हा निघाल्या घरून?"

"सातची गाडी भेटली कुहीहून. तुमचं पोस्टकार्ड वाचून घेतलं शेजारच्या पोरीकडून." त्यांनी पिशवी पुढं केली. "तांदूळ हाय. घरचाच."

पोस्टकार्ड पाठवण्यामागं काही हौस नव्हती. नत्थूभाऊंचा नंबर लावायचा त्यांना धीर झाला नव्हता, इतकंच. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. अंजनाबाईंसाठी समोर खुर्ची मांडली होती, पण त्या दाराजवळच्या बाकावर टेकल्या.

"बाकीचे कुठी हायत?"

"येऊन राहिले."

मग दोघं चहा पीत बसले. 'वहिनी, एक सांगायचं होतं' हे वाक्य सरांच्या तोंडात दोनदा आलं आणि दोन्ही वेळा चहाबरोबर खाली गेलं.

पावणेबाराला एक गाडी फाटकातून आत आली आणि तिच्यातून तिघं उतरले. दुर्गेश, कॉलेजात सरांच्याच वर्गात शिकलेला, आता फ्लेक्सच्या मोठ्या धंद्याचा मालक. रितिका, नत्थूभाऊंच्या अगदी शेवटच्या वर्षांतली विद्यार्थिनी. पुढच्या शनिवारी तिच्याच गॅलरीत पेट्यांचं उद्घाटन होतं. आणि स्वानंद. स्वानंद मुंबईला असतो, त्याची चित्रं परदेशात जातात आणि या पेट्या विकल्या जाणार होत्या त्या बऱ्याच अंशी त्याच्या सहीवर.

"काय बे धम्म्या," स्वानंद दारातूनच म्हणाला, "पुरा बुढा झाला की तू."

गजभियेसरांना एकदम भरून आलं. त्यांना 'बे' म्हणणारं माणूस कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. शाळेत सर, गल्लीत सर, दूधवाल्याचेही सर. ते नुसतेच हसत राहिले.

"आणि या?" स्वानंदनं बाकाकडं पाहत विचारलं.

"नत्थूभाऊच्या घरच्या. अंजनावहिनी."

"अच्छा, अच्छा. नमस्कार. फार मोठा माणूस होता," स्वानंद म्हणाला आणि मग घड्याळाकडं बघून दुर्गेशला म्हणाला, "दीड वाजता पोचायचं आहे आपल्याला, लक्षात आहे ना? लग्नातलं जेवण आहे."

पोहे झाले. तर्री अजून कोमट होती. दुर्गेशनं दोनदा घेतली आणि कॉलेजातल्या एका प्राध्यापकाची नक्कल करून दाखवली. रितिकानं बारा गठ्ठ्यांचा व्हिडिओ काढला. गजभियेसर एकेकाच्या ताटलीत वाढत होते. लग्नघरच्या वडील माणसासारखे ते नुसते इकडून तिकडे करत होते आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

"चला, आटपू," स्वानंद उठला. "कसं करायचं?"

करायचं कसं हे चौघांनाही माहीत होतं. नत्थूभाऊंनी ते प्रत्येक बॅचला शिकवलं होतं. गठ्ठे ओळीनं मांडायचे, प्रत्येक गठ्ठ्यात एक नंबर सगळ्यांत वर. मग सगळ्यांनी पहिल्या गठ्ठ्यापासून एकामागं एक पंगतीसारखं चालायचं आणि प्रत्येक गठ्ठ्यावरचा वरचा कागद उचलत जायचं. पहिल्या माणसाच्या हातात सगळे एक नंबर येतात, दुसऱ्याच्या हातात सगळे दोन नंबर. पुढच्याला ओलांडायचं नाही, मधून सुरू करायचं नाही. उचलतानाही बोट लावायचं नाही. जाड कागदाचे दोन लहान तुकडे दुमडून त्यांच्या चिमटीत कागदाची कड धरायची, म्हणजे पांढऱ्या समासावर डाग पडत नाही. सरांनी तसे तुकडे कापून प्रत्येक गठ्ठ्याजवळ ठेवले होते.

"एकामागं एक..." त्यांनी सुरुवात केली.

"अबे, एकामागं एक चक्कर कोण मारत बसते?" स्वानंद म्हणाला. "चौघं चार कोपऱ्यांतून सुरू करू. अर्ध्या तासात खलास."

"पण नंबर..."

"नत्थूची शाळा भरली का बे पुन्हा?" दुर्गेश म्हणाला आणि तिघंही हसले.

गजभियेसरांना माहीत होतं की असं केलं तर काय होतं. पण यांना थांबवलं तर ते 'मग तूच कर निवांत' म्हणून निघून जातील, हेही त्यांना दिसत होतं. आणखी अर्धा तास हे लोक इथं असावेत, असं त्यांना फार वाटलं. तेही हसले आणि चौथ्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

अर्धा तास मोठ्या मजेत गेला. चौघं चारी बाजूंनी फिरत होते, एकमेकांना धक्के देत होते, कुणाचं चित्र कसं झालं यावर शेरे मारत होते. कागदाचे तुकडे कुणाच्या तरी कोपरानं खाली पडले. तीस पेट्या भरल्या. पेट्यांच्या झाकणावर नंबराच्या पट्ट्या आधीच चिकटवलेल्या होत्या.

"एक नंबरची बाजूला ठेव हं," स्वानंद रुमालानं हात पुसत म्हणाला. "उद्घाटनाच्या पाहुण्यांना देऊ. चांगलं दिसते."

रितिकानं हात लांब करून सगळ्यांचे फोटो काढले. "आजी, तुम्ही पण या ना. ही पेटी धरा हातात. असं, इकडं बघा." अंजनाबाईंनी बंद पेटी हातात धरली, इकडं पाहिलं आणि फोटो झाल्यावर पेटी परत दिली.

"येतो का तू?" निघताना दुर्गेशनं विचारलं. "गाडीत जागा आहे."

"वहिनी आहेत ना," सर म्हणाले.

"हो, हो. मंग राहू दे."

गाडी फाटकाबाहेर गेली. हॉलमध्ये पोह्यांच्या ताटल्या, तीस पेट्या आणि दोन माणसं उरली.

सरांनी सहज म्हणून वरची एक पेटी उघडली. झाकणावर सात होता. आतलं पहिलं चित्र त्यांचं स्वतःचं, खाली पेन्सिलीनं ४/३०. त्याच्याखाली स्वानंदचं, ९/३०. त्याच्याखाली रितिकाचं, ११/३०. त्यांनी दुसरी पेटी उघडली, मग तिसरी. प्रत्येकीत बरोबर बारा चित्रं होती आणि एकीतही नंबर जुळत नव्हते. तिसऱ्या पेटीतल्या एका कागदाच्या पांढऱ्या समासावर तर्रीचा नारिंगी अंगठा स्पष्ट उठला होता. दुर्गेशचाच असणार.

त्यांनी फोन लावला. पलीकडं बँड वाजत होता.

"अबे, बारा चित्रं आहेत ना प्रत्येकीत?" दुर्गेश ओरडून म्हणाला. "मंग झालं. नंबर कोण पाहते?"

"नत्थूभाऊ पाहत."

"ते आता कुठी आहेत गा पाहाले? ठेव, वरात आली."

खरं म्हणजे दुर्गेशचं चूक नव्हतं. घेणारा एक सही बघून घेणार होता आणि पेटी कपाटावर ठेवणार होता. पण झाकणावर सात लिहायचं आणि आत सात नाही, याला नत्थूभाऊ सरळ खोटं म्हणायचे. आणि खोलीला नाव त्यांचं द्यायचं होतं. सर खुर्चीवर बसले. आपण एका 'बे'साठी हे होऊ दिलं, याची त्यांना लाज वाटली.

"काय झालं सर?" बाकावरून अंजनाबाईंनी विचारलं.

त्यांनी सांगितलं. अंजनाबाई उठून टेबलाजवळ आल्या.

"मंग पुन्हा लावा लागन."

"तीनशे साठ कागद आहेत, वहिनी. पहिले सगळे बाहेर काढायचे, नंबरवार लावायचे, मंग फिरायचं. तुमची गाडी आहे."

"पाचची हाय. ते हुकली तं सहाची हाय. आकडे वाचता येते मले."

त्यांनी नळावर जाऊन हात धुतले, पदराला पुसले. खाली पडलेले कागदाचे तुकडे वेचले. आणि कुणी काही न सांगता त्यांतले दोन दुमडले, दोन्ही हातांच्या चिमटीत एकेक धरला आणि पेटीतला वरचा कागद दोन्ही कडांनी अलगद उचलून टेबलावर ठेवला. गजभियेसर बघतच राहिले. अगदी नत्थूभाऊंसारखंच. मनगट किंचित वर, कोपर अंगाशी.

"हे कोणं सांगतलं तुमाले?"

"कोन सांगन? घरी पापड असाच उचलत होते ते. गरम भाकर बी. पेपराचे तुकडे दुमडून. मी म्हनो, काहून, हाताले काय झालं? तं म्हनत, काळं राहते अंजना, तुह्या भाकरीले लागन." दुसरा कागद ठेवत त्या म्हणाल्या, "मंग मले बी सवय लागली. लेकरं हासत आमाले."

दोघं कामाला लागले. तास-दीड तास नुसती कागदांची सळसळ होती. गठ्ठे पुन्हा उभे राहिले, प्रत्येकावर एक नंबर. मग सर म्हणाले, "तुम्ही पुढं व्हा," आणि अंजनाबाई पहिल्या गठ्ठ्यापासून चालायला लागल्या. मागून गजभियेसर. पंगत दोघांचीच होती, पण कुणी कुणाला ओलांडत नव्हतं.

अंजनाबाई प्रत्येक चित्र उचलताना क्षणभर बघून घेत. असल्या चित्रांबद्दल त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं, पण अशी स्वच्छ, नवीकोरी कधी पाहिली नव्हती. स्वानंदच्या चित्राशी त्या थांबल्या. सगळा कागद काळा, मध्ये एक पांढरी रेघ.

"हे काय हाय?"

"ते मोठे चित्रकार आहेत."

"शाई जास्त झाली," अंजनाबाई म्हणाल्या आणि पुढं गेल्या. सरांना सकाळपासून पहिल्यांदा मनापासून हसू आलं.

सातव्या की आठव्या फेरीत त्या सरांच्या चित्रापाशी थबकल्या. आधीच्या फेऱ्यांत त्यांनी ते नुसतंच उचललं होतं. लाकडी ठोकळ्यावर कोरलेलं साधं चित्र होतं ते. भिंत, भिंतीत खिळा आणि खिळ्यावर टांगलेला एक फडका, शाईनं कडक झालेला.

"सर, हा त्यायचा फडका व्हय ना?"

"हो."

"मशीनीमागं टांगत. पंधरा दिवसानं घरी आनत धुवाले. कोनं काढलं?"

"मी."

अंजनाबाई कागद धरून तशाच उभ्या राहिल्या. आता न बोलणं शक्य नव्हतं.

"वहिनी, नत्थूभाऊनं मले तीनदा फोन केला होता. दवाखान्यातून. मी उचलला नाही."

"मालूम हाय," अंजनाबाई म्हणाल्या. "मीच लावून देत होती. त्यायच्यानं बटन दबत नव्हतं."

"मले वाटलं, पैसे मागतीन."

हे बोलून झाल्यावर सरांना वाटलं, आता त्या कागद ठेवून पिशवी उचलतील. त्यांनी उचलली असती तर बरंच झालं असतं. अंजनाबाईंनी कागद नीट पेटीत घातला.

"मले राग आलता तवा," त्या म्हणाल्या. "खोटं काहून बोलू? तिसऱ्या वेळी तं लय आलता. पन पैसे नव्हते मागाचे. इचाराचं होतं त्यायले."

"काय?"

"गजभिये अजून छापते का. एवढंच. पडल्यापडल्या कोनाकोनाची आठवन काढत. म्हनत, बाकीच्यायचं नाव झालं, पन दाब त्या पोराच्या हाताले समजे. मास्तर झाला तं सोडलं असन त्यानं. लाव अंजना, एकदा इचारू."

सदतीस वर्षांपूर्वी नोकरीची ऑर्डर हातात आली त्याच महिन्यात गजभियेसरांनी छापणं सोडलं होतं. हा फडका म्हणजे त्यानंतरचा पहिला ठोकळा. तेव्हा फोन उचलला असता तर 'नाही' असंच सांगावं लागलं असतं, आणि तरीही तो उचलायला हवा होता. ते रडले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माणूस जसं रडतो तसं, चष्मा हातात घेऊन, आवाज न करता, आणि पाणी कागदावर पडू नये म्हणून टेबलापासून दोन पावलं मागं सरून.

अंजनाबाईंनी समजूत घातली नाही. पुढचा कागद उचलत त्या म्हणाल्या, "चाला सर. अजून आठ चक्कर राहिले."

साडेचारला तीस पेट्या पुन्हा भरल्या. सातमध्ये बाराही सात होते. तर्रीच्या अंगठ्याचा कागद अकरा नंबरच्या पेटीत आला. सरांनी ती वेगळी ठेवली. विकायच्या कामाची नव्हती.

पाचची गाडी अजून मिळण्यासारखी होती. अंजनाबाईंनी पदर सारखा केला, तांदूळ काढून रिकामी झालेली पिशवी घडी घालून हातात घेतली आणि जरा अडखळत अकरा नंबरकडं बोट दाखवलं.

"हे मी नेऊ का?"

"ती खराब झाली आहे, वहिनी. डाग आहे."

"तेच तं. खराबच आनत ते. पोरं देत, घ्या नत्थूभाऊ तुमची एक. कोनाचा कोपरा फाटला, कोनाची शाई पसरली. आमच्या भिंतीले हायत लावलेल्या सगळ्या." त्यात तक्रार नव्हती. त्या नुसतं सांगत होत्या.

गजभियेसरांना आठवलं. चांगली प्रत कशाला, असं म्हणून पोरं बिघडलेल्यांतली एक नत्थूभाऊंच्या हातात द्यायची, आणि ते ती उजेडात धरून, चिमटीत, बराच वेळ बघायचे. सरांनी स्वतःही तसल्याच दिल्या होत्या. आणि आता नियोजन करताना बारा पेट्या बारा जणांना, अठरा विकायला, असा हिशेब त्यांनीच मांडला होता. विक्रीच्या पत्रकात नत्थूभाऊंचं नाव चार ठिकाणी होतं. पेटी एकही नव्हती.

त्यांनी बाजूला काढून ठेवलेली एक नंबरची पेटी उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळीनं दोन्हीकडून बांधली आणि अंजनाबाईंच्या हातात दिली.

"हे तं पाहुन्याची हाय ना? त्या सायबानं सांगतलं."

"छापणाऱ्याची आहे," गजभियेसर म्हणाले. "अकरा मी ठेवतो."

अंजनाबाईंनी पेटीचं वजन दोन्ही हातांत घेतलं.

सरांनी त्यांना स्कूटरवर स्टँडला सोडलं. गाडी लागलेलीच होती. कंडक्टर म्हणाला, वर फळीवर ठेवा ना बाई. त्यांनी मांडीवरच ठेवली.

"पोचल्या का फोन करा," सर खिडकीपाशी म्हणाले. "नंबर लिहून देऊ का?"

"हाय ना. त्यायच्याच मोबाइलात हाय," अंजनाबाई म्हणाल्या.

घरी येईपर्यंत अंधार पडायला लागला होता. गजभियेसरांनी अकरा नंबरची पेटी टेबलावर ठेवली आणि उरलेले पोहे कढईत काढले. चांगले सात-आठ जणांचे उरले होते. ग्रुपवर दुपारचा फोटो आला होता, स्वानंद, दुर्गेश आणि रितिका मधोमध, कडेला अंजनाबाईंचा अर्धा हात आणि बंद पेटी. खाली नऊ जणांनी अंगठे दाखवले होते. एक नंबर पाहुण्यांना का मिळणार नाही, हे शनिवारी सांगावं लागणार होतं. सांगू, असं त्यांना वाटलं आणि त्याची भीती वाटली नाही.

पायलचा फोन आला. "जेवले का बाबा?"

"पोहे गरम करून राहिलो."

"रात्री पोहे? काहून?"

"बारा जणांचे होते," ते म्हणाले. "पायल, माझ्या ठोकळ्याचं सामान पुण्यात कुठं भेटते का पाहशील? इकडं चांगलं लाकूड नाही भेटत."

तिनं पाहते म्हटलं.

कढई तापली होती. चिमटा सापडेना म्हणून त्यांनी खिशात हात घातला, तर दुपारचे दोन दुमडलेले तुकडे निघाले. त्या तुकड्यांच्या चिमटीत त्यांनी कढईचे कान धरले आणि ती उचलली, तेवढ्यात टेबलावरचा फोन पुन्हा वाजला. स्क्रीनवर नाव उमटलं होतं, 'नत्थूभाऊ कॉलेज'.

कढई त्यांनी तशीच खाली ओट्यावर टेकवली. दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत फोन कानाला लावला.

"बोला, बोला."

"पोचली मी सर," अंजनाबाईंचा आवाज आला.

"पेटी नीट आहे?"

"हाय ना. भिंतीशी ठेवली. उघडली नाही अजून." मागं कुठं तरी भांड्यांचा आवाज झाला. "चूल पेटवली होती आत्ता. हात धुते, मंग उघडीन."

"हो," गजभियेसर म्हणाले. "सावकाश उघडा." आणि त्यांनी फोन ठेवल्यावरही ते नाव थोडा वेळ स्क्रीनवर तसंच होतं.